मोकाशीसाहेबांची दाढ

मोकाशीसाहेब दवाखान्यात आले की पहिल्यांदा पिकदाणीत डोकावत. नमस्कार-चमत्कार नंतर. छत्री दाराशी टेकवायची, कपाळावरचा चष्मा नाकावर घ्यायचा आणि कमरेत वाकून, विहिरीत पडलेली कळशी शोधावी तसं आत पाहायचं. समाधान झालं तर "हं." नाही झालं तर "हं?" माझी पाच-सहा वर्षं या दोन 'हं'च्या मधल्या जागेत जीव मुठीत धरून गेली.

ही अठ्ठावन्न-एकोणसाठच्या सुमाराची गोष्ट. मुंबईत शिकून मी मुरबाडला एसटी स्टँडामागे दोन खोल्यांत दातांचा दवाखाना थाटला होता. वीज नव्हती. दाढ कोरायचं यंत्र शिवणयंत्रासारखं पायानं चालवावं लागे. मोकाशीसाहेब आरोग्य निरीक्षक. शहापूर आणि मुरबाड हे दोन्ही तालुके त्यांच्याकडे. राहायला शहापूरला, एका खोलीत, एकटेच. खाणावळी आणि विहिरी तपासता तपासता त्यांना माझा दवाखाना सापडला. तपासणी महिन्यातून एकदा करायची असा नियम होता. हे दर गुरुवारी येत.

"काय उकळलंत, कशात उकळलंत, किती वेळ उकळलंत?" हे त्यांचे ठरलेले प्रश्न. उत्तरावर विश्वास नसेच. मग मी स्टोव्ह पेटवायचा, चिमटे आणि सुया पातेल्यात टाकायच्या आणि साहेब घड्याळ तळहातावर घेऊन समोर स्टुलावर बसणार. आधण आल्यापासून वीस मिनिटं. एकदा सिद्धगडाच्या पायथ्याचा एक शेतकरी गाल धरून खुर्चीत तळमळत होता.

"सायेब, तुमी मागनं उकला. माझा जीव चाललाय."

"दाढदुखीनं जीव गेलेला मी पाहिला नाही," साहेब घड्याळावरची नजर न काढता म्हणाले. "न उकळलेल्या चिमट्यानं गेलेला पाहिलाय. अजून अकरा मिनिटं."

दाढ निघाल्यावर तो रक्त थुंकत मला म्हणाला, "नशीब, सायबानं वर डाळ शिजाया नाय टाकली."

एका गुरुवारी मात्र साहेब आले ते थेट माझ्या टेबलापाशी. पिशवीतून कागद काढून त्यांनी समोर ठेवला. निनावी तक्रार होती. मी दात काढलेली वाडीवरची ठमीबाई तोंड सुजून मरायला टेकली आहे, असं तीत लिहिलेलं.

"मी या बाईचा दात काढलेला नाही," मी म्हटलं.

"वहीत नाव आहे?"

"नाही."

"म्हणजे काढला नाही, की काढून लिहिला नाही?"

मी वही त्यांच्यापुढे सरकवली. "चौकशी होईपर्यंत दवाखाना बंद," ते म्हणाले आणि छत्री उचलली. "चला."

त्या वेळेला एसटी नव्हती, म्हणून वाडीपर्यंत दोन तास बांधाबांधानं चाललो. साहेब पुढे, मी मागे. दवाखाना कायमचा बंद झाला तर बायकोला घेऊन कुठे जायचं, एवढाच विचार माझ्या डोक्यात. वाडीच्या टोकाला कुडाची झोपडी होती. आत साठीची ठमीबाई पडलेली. मोलमजुरी करून एकटीच राहायची. जबडा भोपळ्यासारखा सुजलेला, अंगात ताप आणि तोंड बोटभरच उघडत होतं. ज्या माणसानं माझ्या स्टुलावर कधी रुमाल पसरल्याशिवाय बूड टेकलं नाही, तो तिच्या उशाशी जमिनीवर बसला.

"बाई, दात कुणी काढला? या डॉक्टरांनी?"

तिनं माझ्याकडे पाहिलं.

"नाय," ती कशीबशी म्हणाली. "बाजारात... दातवाल्यानं. चिमटा धोतराला पुसला नि घातला तोंडात."

मग तुकड्यातुकड्यांनी कळलं. सूज आल्यावर ती माझ्याकडे आली होती. मी त्या दिवशी कल्याणला गेलो होतो. बंद दवाखान्याच्या पायरीवर ती दुपारभर कण्हत बसली आणि येणाऱ्याजाणाऱ्यांनी उरलेली गोष्ट स्वतःच रचली. मी सुस्कारा सोडला. तिथेच खाली बसलो.

साहेब मात्र उठले होते. "धोतराला!" ते पुटपुटले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही सुटलात. आता हिला सोडवा."

वाडीतल्या चौघांनी झोळी करून तिला मुरबाडला आणलं. मी पू काढला, पेनिसिलिन सुरू केलं आणि बाहेरच्या खोलीत खाट टाकली. पुढचे आठ दिवस साहेब शहापूरहून रोज येत होते. तपासणी कशाची, तर ठमीबाईच्या गुळण्यांची. कोमट पाणी, चिमूटभर मीठ आणि साहेब समोर बसून मोठ्यानं मोजणार.

"गुलन्या मी करायच्या नि मोजायच्या तुमी," चौथ्या दिवशी ती म्हणाली. "सरकार याचाच पगार देतं काय?"

मोकाशीसाहेब हसले. मी त्यांना हसताना पहिल्यांदाच पाहत होतो. हसता हसता त्यांनी चटकन उजवा गाल दाबून धरला.

"बघू, तोंड उघडा," मी म्हटलं.

"काही नाही, काही नाही," करत ते दारापर्यंत मागे सरकले आणि नेहमीच्या आधीची एसटी पकडून गेले.

आठव्या दिवशी ठमीबाईनं भाकरी खाल्ली. दवाखाना उघडला. अहवालात साहेबांनी लिहिलं, 'तक्रारीत तथ्य नाही. खिडकीच्या जाळीला भोक आहे, ते बुजवावे.' जाळी मी त्याच दिवशी बदलली.

पंधरा दिवसांनी, गुरुवार नसताना, साहेब दारात उभे. गाल टम्म सुजलेला. दाढ पार किडलेली होती.

"दोन वर्षं दुखतेय," ते म्हणाले.

"आणि दर आठवड्याला इथे येत होतात! काढून का घेतली नाहीत? भीती वाटते?"

त्यांनी भिंतीकडे बोट केलं. तिथे त्यांनीच लावलेला सूचनांचा कागद होता. "बधिर करायचं इंजेक्शन घेतलेल्या रोग्यानं एकट्यानं घरी जायचं नाही. सोबतीचं माणूस आणावं." मग हळूच म्हणाले, "मी कोणाला आणू?"

जबडा दाखवायला आलेली ठमीबाई बाकावर बसली होती. ती उठून पुढे आली.

"मी हाय ना सोबतीला."

"अहो, पण तुमची वाडी वाटेत, मी शहापूरला..."

"गप बस नि आ कर रे," ती म्हणाली. साहेबांनी मुकाट्यानं आ केला.

दाढ निघाली. ठमीबाईनं एका हातात त्यांची पिशवी-छत्री घेतली, दुसऱ्या हातानं त्यांचा दंड धरला आणि एसटीत बसवलं. वाडीचा थांबा आला तरी ती उतरली नाही, असं कंडक्टरनं मला दुसऱ्या दिवशी सांगितलं.

नंतरच्या गुरुवारी साहेब आले. सूज उतरली होती. मी विचारलं, "त्या दिवशी नीट पोचलात ना?"

"हो. तिनं पेज करून दिली. शेवटच्या गाडीनं गेली." ते चष्मा पुसत राहिले. "दुखतंय का म्हणून विचारलं, डॉक्टर. दोनदा विचारलं."