दाजींच्या वाटेवरचं वाळवंट

आमचे दाजी कुणाकडेही मुद्दाम जात नाहीत. ते नेहमी दुसरीकडेच कुठेतरी निघालेले असतात आणि तुमचं घर वाटेत लागतं. ते राहतात धामापूरला, मी मालवणात. महिन्यातून दोनदा तरी त्यांची काळी सायकल माझ्या अंगणात येते. एक पाय पेडलवर, एक पायरीवर आणि तोंडात ठरलेलं वाक्य, "रेडीक जातंय, मास्तर. वाटेत लागलां म्हणान इलंय."

धामापूरहून रेडीला जाताना मालवण वाटेत लागतं, ही गोष्ट वीस वर्षं शाळेत भूगोल शिकवूनही मला ठाऊक नव्हती. रेडी राहिली दक्षिणेला, मालवण पश्चिमेला. हे मी त्यांना एकदाच सांगून पाहिलं.

"तां तुमच्या नकाशात," दाजी म्हणाले. "सायकलीचो रस्तो येगळो."

माझं अपेंडिक्सचं ऑपरेशन कुडाळला झालं, तेव्हा दाजी सलग सात दिवस सकाळी आठला माझ्या खाटेपाशी हजर. म्हणे पिंगुळीला बाहुल्यांचा खेळ बघायला चाललोय. मी म्हटलं, "दाजीनू, सकाळी आठ वाजता बाहुल्यांचो खेळ?" तर म्हणाले, "बाहुल्यांका येळकाळ नसता." पिशवीत पेजेचा डबा असायचा. तोही माझ्यासाठी नसायचाच, घरी चुकून जास्त भरलेला असायचा. सात दिवस चुकून.

सख्ख्या भाचीच्या लग्नातही हा गृहस्थ इस्त्रीचे कपडे घालून, हातात आहेराचं पाकीट घेऊन मांडवात 'वाटेत' आला होता.

दाजी नात्याने माझे कुणी नाहीत, सगळेच त्यांना दाजी म्हणतात. वीजखात्यातले निवृत्त वायरमन. वय सहासष्ट. बायको जाऊन आठ वर्षं झाली, मुलगी लग्न होऊन कुडाळला, आणि मुलगा रुपेश राजस्थानात. तिथे तो पवनचक्क्यांच्या दुरुस्तीचं काम करतो. ही नोकरी त्याने धरली तेव्हा घरात मोठं भांडण झालं. दाजींनी त्याच्यासाठी आपल्याच खात्यात शब्द टाकून ठेवला होता. "गावातलो खांबो सोडून वाळवंटातल्या पंख्यार चढतलस? जा! पण मगे माझ्या दारात येव नको," असं ते रागाच्या भरात बोलून गेले. रुपेश "बरां" म्हणाला आणि गेला. बापाचा शब्द त्याने असा काही पाळला, की चार वर्षं गणपतीलासुद्धा आला नाही. फोन नाही, पत्र नाही. ह्याची खबर त्याला आणि त्याची ह्याला, सगळी मुलीमार्फत. आमच्याकडे अशा गोष्टी कुणी विचारत नाही, असं नाही. विचारतात, पण तिसऱ्याला.

डॉक्टरांनी माझ्या रक्तात साखर शोधून काढल्यापासून मी मालवणातल्या एका सायकल मंडळात आहे. यंदा दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सातजणांनी जैसलमेरच्या वाळवंटात सायकली चालवायचं ठरवलं. हे कानावर जाताच दाजी अंगणात हजर.

"मी पण येतंय."

"तुमचां थंय काय काम, दाजीनू?"

"काम काय आसतलां? वाळवंट बघूचां आसा."

मी आठवं तिकीट काढलं. गेअरवाल्या सात सायकली आणि दाजींची कॅरिअरवाली काळी सायकल रेल्वेत चढली.

वाळवंटात पोचल्यावर मात्र त्यांनी वाळूकडे ढुंकूनही बघितलं नाही. "देवबागाक काय रेती कमी आसा?" म्हणाले. तिथे पाठीला पंखा लावलेलं एक उडतं यंत्र होतं. वर छत्री, पुढे पर्यटक, मागे चालक. आकाशातून वाळूच्या टेकड्या बघायच्या. आम्ही सगळे कचरत होतो, तर दाजी सर्वांत आधी जाऊन बसले आणि चालकाला आपल्या हिंदीत म्हणाले, "अंशी मीटर पे खडा करो."

"बाबा, ये खडा नहीं होता!"

"तो धीरे चलाव. लेकिन अंशी."

खाली आले तेव्हा चेहरा पांढराफटक. वरून काय काय दिसलं, म्हणून सगळ्यांनी गराडा घातला. दाजी एवढंच म्हणाले, "वर वारो लय आसा रे." त्या संध्याकाळी ते जेवले नाहीत. मला वाटलं, उंची बाधली असेल.

दुसऱ्या दिवशी ऐंशी किलोमीटर जायचं होतं. सकाळपासून वारा समोरून. पेडल मारावं तेवढी सायकल जागच्या जागी. नाकातोंडात वाळू, सावलीला झाड म्हणून नाही, आणि काट्यांनी दुपारपर्यंत आमची पाच चाकं पंक्चर केली. आमच्यातले दोघे सायकलींसकट मागून येणाऱ्या सामानाच्या टेम्पोत जाऊन बसले. "दाजीनू, तुमीव बसा आता," मी हात जोडून म्हटलं. ओठ फुटले होते, पण म्हातारा उतरायला तयार नाही.

साठाव्या किलोमीटरला एक कच्चा फाटा लागला. तिथे ते थांबले. "मास्तर, ह्यो रस्तो खंय जाता तां बघून येवया. चारच किलोमीटर."

पुढे पाहिलं तर आभाळाला टेकलेल्या पवनचक्क्यांची रांग. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. टेम्पोतून उतरला असता, तर तो मुलाला भेटायला आलेला बाप झाला असता. सायकलवरून गेला, तर मुलगा वाटेत लागला! एवढ्यासाठी हा माणूस दीड हजार किलोमीटर लांब येऊन वाऱ्याशी झगडत होता. त्याचा मला राग आला आणि दुसऱ्याच क्षणी त्याला उराशी धरावंसं वाटलं.

फाटकावरच्या रखवालदाराने वर फोन लावला. रुपेश वर पंख्यापाशी कामावर होता. "कितनी ऊंचाई?" मी विचारलं. रखवालदार म्हणाला, "अस्सी मीटर." कालच्या उड्डाणात दाजी काय बघायला वर गेले होते, ते मला आत्ता कळलं. दाजी मान वर करून उभे होते. मुलगा उतरेपर्यंत ती मान खाली आली नाही.

खांबाच्या पायथ्याचं दार उघडून रुपेश बाहेर आला. डोक्यावर हेल्मेट, अंगभर पट्टे. बापाला बघून दारातच थांबला. आता दाजी आपलं नेहमीचं वाक्य म्हणणार, म्हणून मी वाट बघत होतो.

पण ते सरळ पुढे झाले. मुलाच्या छातीवरचा पट्टा दोन्ही हातांनी धरला आणि जोरात ओढून पाहिला. मग कमरेचा. मग खांद्याला धरून त्याला वळवला आणि पाठीवरचा हूक ओढला. तीस वर्षांचा तो गडी शाळेचा गणवेश नीट करून घेणाऱ्या पोरासारखा हात वर करून उभा राहिला. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू?

"घट आसा," दाजी म्हणाले. "रोज कोण वढून बघता?"

"मीच बघतंय, बाबा."

"आपलो पट्टो आपण बघूचो नसता," दाजी म्हणाले. हुकावरचा हात त्यांनी काढलाच नाही.