सोळा जणींची रांग आणि भिंगरी पाणमांजर

एका जंगलात, बाळांनो, थंडी अशी पडायची की तळं गोठायचं आणि प्राण्यांची डोकीही गोठायची. तळं फाल्गुनात वितळायचं. डोक्यांचं नक्की सांगता येत नाही.

त्या तळ्याच्या काठी एक महाविद्यालय होतं. जंगलात महाविद्यालय कशाला, असं विचारू नका. महाविद्यालय कुठेही निघतं. त्याला एक पाटी आणि एक प्राचार्य एवढंच लागतं. इथले प्राचार्य होते वनराज. ते कधी वर्गावर गेले नाहीत, त्यामुळे त्यांच्या शिकवण्याबद्दल कोणाचीच तक्रार नव्हती.

ह्या महाविद्यालयाचा सामूहिक स्केटिंगचा संघ होता. म्हणजे काय करायचं, तर सोळा जणींनी पात्यांचे बूट घालायचे, एकमेकींचे हात धरायचे आणि बर्फावर एकदम घसरायचं. कधी सरळ रेघ करायची, कधी गोल चक्र करायचं. पण सोळाही जणी अगदी एकसारख्या दिसल्या पाहिजेत. एकीचं नाक जरी रांगेच्या पुढे आलं तरी गुण कापले जात.

क्रीडा विभाग म्हणे, "हा तर नाच आहे. सांस्कृतिक विभागाकडे जा." सांस्कृतिक विभाग म्हणे, "ह्यात घाम येतो. म्हणजे हा खेळ आहे. क्रीडा विभागाकडे जा." त्यामुळे दिवसभर तळं अस्वलांच्या हॉकीला मिळायचं. ह्या सोळा जणींना ते मिळायचं पहाटे पाच वाजता, अस्वलं घोरत असताना. सराव करून त्या थेट वर्गात जात आणि तिथे झोपत. झोपतसुद्धा एकसारख्या, डाव्या कुशीवर.

आता आपली भिंगरी. भिंगरी म्हणजे पाणमांजर. पाणमांजराच्या पिलाला घसरायला शिकवावं लागत नाही. भिंगरी ओढ्याच्या उतारावर पोटावर घसरत लहानाची मोठी झाली. एका पायावर अशा काही गिरक्या घ्यायची की आईनं नावच भिंगरी ठेवलं. पण ओढ्यावर दुसरं पिल्लूच नव्हतं. सगळं एकटीनं. लांबून ती त्या सोळा जणींना बघायची आणि तिला वाटायचं, मध्ये उभं राहून दोन्हीकडून कोणीतरी हात धरला की किती ऊब येत असेल! त्या रांगेत एक जागा मिळावी, एवढंच तिचं मागणं होतं.

म्हणून तिनं महाविद्यालयात नाव घातलं आणि निवडीला गेली.

संघाचे प्रशिक्षक होते बगळे सर. ते काठावर एका पायावर उभे राहून शिकवत. बर्फावर ते कधीच उतरले नव्हते. पाय गार पडतात म्हणून.

"घसरून दाखव," सर म्हणाले.

भिंगरी सुटली ती वाऱ्यासारखी. तीन गिरक्या घेतल्या, उलटी गेली, सुलटी आली आणि सरांच्या चोचीसमोर येऊन थांबली. सरांनी एक डोळा मिटला.

"फारच छान घसरतेस."

"थँक्यू, सर!"

"हाच तुझा दोष आहे. आपल्या संघात मंदा मेंढी आहे. तिला जेवढं येतं, तेवढंच सगळ्यांना यायला हवं. तू आधी थोडं विसर, मग बघू."

तुम्ही म्हणाल, मंदा मेंढीलाच का नाही काढलं? तर त्याचं असं आहे. सोळा जणींच्या डोक्यांवर सारखाच अंबाडा लागे. तो डिंकानं घट्ट चिकटवत. ज्यांना केस नव्हते त्यांचा अंबाडा मंदाच्या लोकरीचा असे. मंदाला काढलं असतं तर निम्मा संघ बोडका झाला असता. संघात टिकायचं असेल तर असं काहीतरी जवळ लागतं, बाळांनो. घसरणं काय, कोणालाही येतं.

भिंगरी वर्षभर राखीव राहिली. राखीव म्हणजे इतरांचे बूट सांभाळणारी, डिंक कालवणारी आणि कोणाला ताप येतो का म्हणून आशेनं बघणारी. उरलेल्या वेळात ती विसरण्याचा सराव करायची. गिरकी विसरली. वेग विसरला. आठ दात दाखवून हसायला मात्र शिकली. सोळाही जणींनी आठच दात दाखवायचे, असं संघात ठरलेलं होतं.

सुट्टीत घरी गेली तेव्हा आईनं विचारलं, "वर्षभरात काय शिकलीस गं?"

"हळू जायला."

"अगो बाई! ते तर कासव घरी येऊन शिकवून गेलं असतं."

पुढच्या वर्षी संघातल्या एका बकरीचं लग्न ठरलं आणि भिंगरीला जागा मिळाली. रांगेच्या अगदी शेवटच्या टोकाला, पण जागा! तिच्या एका बाजूला कोणी नव्हतं. दुसऱ्या बाजूला सुमा सायाळ होती. सायाळीचा हात धरणं म्हणजे काय, हे ज्यानं धरला त्यालाच कळतं. भिंगरीचा पंजा रोज सोलून निघायचा. तरी ती खूश होती. सुमा तिची जिवाभावाची मैत्रीण झाली. निदान भिंगरी तरी तसं समजायची.

सामन्याच्या आदल्या दिवशी बगळे सरांनी सगळ्यांना जवळ बोलावलं.

"नियम काय?"

सोळा जणी एका सुरात म्हणाल्या, "कोणी पडली तर तिच्याकडे बघायचं नाही. हसायचं आणि जागा भरून काढायची."

भिंगरीनंही म्हटलं. सगळ्यांपेक्षा मोठ्यानं म्हटलं.

सामना झाला भर दुपारी. परीक्षक होती तीन घुबडं. घुबडांना उन्हात धड दिसत नाही, हे अख्ख्या जंगलाला ठाऊक होतं. पण ती ज्येष्ठ होती आणि ज्येष्ठांना दिसतं का, हे विचारणं बरं दिसत नाही.

चक्र सुरू झालं. सोळा जणींची लांब रांग मधल्या खिळ्यावर फिरावी तशी फिरू लागली. मध्ये उभी असलेली जवळजवळ जागच्या जागी फिरते, पण टोकाला असलेलीला जीव खाऊन पळावं लागतं. कप्तान होती मृदुला हरिणी. तिची आकडे मोजताना गडबड झाली आणि तिनं "सहा" नंतर एकदम "आठ" म्हटलं. रांगेला हिसका बसला. सुमानं हात सोडला आणि भिंगरी पोटावर आपटून सूं करत तळ्याच्या पार दुसऱ्या काठापर्यंत गेली.

ती उठली. हसली. आठ दात. धावत रांगेपाशी आली, तर तिची जागाच नव्हती. पंधरा जणींनी ती केव्हाच भरून काढली होती.

"सुमा, हात दे ना," ती रांगेच्या कडेनं घसरत म्हणाली.

"कसा देऊ?" सुमा दात न मिटता पुटपुटली. "जागा भरून काढायची होती. काढली."

"अगं, पण मी आले ना परत!"

"नियमात परत यायचं कुठे आहे?"

मग भिंगरी काय करणार? उरलेला वेळ ती एकटीच रांगेभोवती फिरत राहिली. कुठे फट दिसते का बघत एकदा ह्या बाजूनं आली, एकदा त्या बाजूनं. घाबरल्यामुळे विसरलेल्या गिरक्याही तिच्याकडून होऊन गेल्या. डोळ्यांत पाणी आणि तोंडावर आठ दात.

प्रेक्षक उठून टाळ्या वाजवू लागले. घुबडं गोंधळली.

"हे काय होतं?" पहिलं घुबड म्हणालं.

"मला कळलं नाही," दुसरं म्हणालं.

"मलाही नाही," तिसरं म्हणालं. "म्हणजे कला असणार."

पहिला क्रमांक! बगळे सरांनी सत्काराला उत्तर देताना सांगितलं की, ही पडण्याची कल्पना त्यांच्या मनात गेली बारा वर्षं घोळत होती. मृदुला हरिणीनं मोजण्यात काही तरी नवं करून पाहिल्याचं सांगितलं. वनराजांनी चषक हातात घेऊन फोटो काढून घेतला. त्या फोटोत भिंगरीचा एक कान आला होता.

"सर," भिंगरी म्हणाली, "मी खरंच पडले होते."

"नम्रता चांगली असते," सर म्हणाले, "पण तिचा अतिरेक नको."

दुसऱ्या दिवशी फर्मान निघालं, सगळ्यांनी पडायचं. सोळा जणींनी, एकदम, आठच्या आकड्याला, पोटावर. रोज पहाटे तळ्यावर धपाधप आवाज येऊ लागले. हरिणीचे गुडघे फुटले. मंदा मेंढी एकदा पडली की तिला दोघींना उचलावं लागे. सुमा पडायची तिथे बर्फात काटे रुतून राहायचे आणि मग अस्वलं हॉकी खेळताना बोंब मारायची. पण तक्रार कोणी केली नाही. चषक मिळालेल्या गोष्टीत चूक काढणं म्हणजे संघद्रोह.

एकट्या भिंगरीला ते जमेना. म्हणजे ती पडायची छानच, पण पाणमांजरच ती! पोट बर्फाला लागलं की आपसूक पुढे सरकायची आणि उठून उभी राहायची.

बगळे सरांनी तिला बाजूला घेतलं. "तुझं पडणं बाकीच्यांशी जुळत नाही, भिंगरी."

"सर, पण हे पडणं माझंच आहे!"

"तुझं होतं. आता ते संघाचं आहे."

भिंगरी पुन्हा राखीव झाली आणि तिच्या जागी दुसरी आली. पुन्हा बूट, पुन्हा डिंक. त्या दिवशी ती खूप रडली. तिला राग यायला हवा होता, पण तिला फक्त वाटत होतं की आपल्याला साधं पडताही येत नाही.

पुन्हा सामने आले. भर दुपार, तीच तीन घुबडं. संघ तळ्यावर उतरला. रेघ झाली, चक्र झालं आणि बरोबर आठच्या आकड्याला सोळा जणी एकदम पडल्या. धप्! एकच आवाज. काठावर बूट सांभाळत बसलेल्या भिंगरीच्या अंगावर शहारा आला.

आणि मग काहीच झालं नाही.

कारण, बाळांनो, एवढे दिवस सगळ्यांनी पडण्याचा सराव केला होता. उठण्याचा आकडा ठरवायचा राहूनच गेला होता. सरावात ज्या त्या आपापल्या कण्हत उठत. पण आता सामना होता. आधी उठणारी वेगळी दिसली असती. म्हणून जी ती दुसरीची वाट बघत पडून राहिली. आठ दात दाखवत.

बगळे सर काठावर एका पायावर उभे होते. आकडा त्यांनाही ठाऊक नव्हता, म्हणून त्यांनी ध्यान लावलं. प्रेक्षकांनी आधी टाळ्या वाजवल्या, मग जांभया दिल्या आणि मग ते घरी गेले. घुबडं समोर बघत बसून राहिली. ऊन उतरलं.

शेवटी भिंगरीला राहवेना. ती बर्फावरून सुमापाशी गेली.

"सुमा, ऊठ गं. पोट गारठेल."

"गारठलंय. पण मी एकटी कशी उठू?"

"मी हात देते."

"नको! तू उठवलंस तर मी वेगळी दिसेन." सुमाचे दात वाजत होते, आठच्या आठ. मग ती हळूच जरा सरकली. "त्यापेक्षा तू ये ना. हे बघ, जागा केली. ये, पड इथे."

पलीकडून मृदुला हरिणीही कुजबुजली, "ये गं, भिंगरी. तू आमचीच आहेस."

भिंगरीनं बघितलं. दोघींच्या मध्ये एका पाणमांजराएवढी फट होती. इकडून सुमाचा हात पुढे आला होता, तिकडून मृदुलाचा. आजपर्यंत तिला मधली जागा कधी कोणी दिली नव्हती. हे सगळं खुळेपणाचं आहे, हे तिला कळत होतं. अगदी स्वच्छ कळत होतं. आणि कळूनही ती खाली वाकली, दोघींचे हात धरले आणि पोटावर पडली. ह्या वेळी ती तसूभरही पुढे सरकली नाही. दोन्ही हातांना खरंच ऊब होती.

एवढ्यात दिवेलागण झाली आणि घुबडांना दिसू लागलं.

पहिल्या घुबडानं मोजलं. दुसऱ्यानं मोजलं. तिसऱ्यानं दोघांची बेरीज तपासली.

"सतरा!" तिन्ही घुबडं ओरडली. "संघात सोळाच हव्यात. संघ बाद!"

बाद म्हटल्याबरोबर सगळ्या जणी धडपडत उठल्या. कोणी आधी, कोणी नंतर. मंदा मेंढी तर पहिली उठली. बगळे सरांचं ध्यान मोडलं. वनराज गुहेतून आले आणि गरजले, "सतरावी कोण?"

आणि तेव्हा, बाळांनो, ते घडलं. कोणी आकडा मोजला नाही, कोणी इशारा केला नाही. पण सोळा हात एकाच क्षणी, एकाच उंचीवर उठले आणि भिंगरीकडे वळले. एकाही जणीचं बोट मागे नाही, एकीचंही पुढे नाही. सुमाचा हातसुद्धा अगदी रांगेत होता.

इतकी सुंदर एकसारखी हालचाल त्या तळ्यावर त्याआधी कधी झाली नव्हती. घुबडांनी ती नीट पाहिली, आपसात विचार केला, 'बाद'चा निर्णय मागे घेतला आणि संघाला पैकीच्या पैकी गुण दिले.

तात्पर्य: एकीचं बळ फार मोठं असतं, पण ते दाखवायला समोर कोणीतरी एकटं लागतं. म्हणून, बाळांनो, रांगेत जागा मिळाली नाही तर रडू नका. तुमच्यावाचून रांगेचंच अडतं.