पास वसूल झालाच पाहिजे!

"पास काढला म्हणजे दिवसभर वाटेल तिथे चढा, वाटेल तिथे उतरा! चार ठिकाणं पाहिली की पैसे वसूल, पुढचं सगळं फुकट!" घड्याळजींनी तिकीट खिडकीपाशीच जाहीर करून टाकलं.

"आणि चार नाही पाहिली तर?" बायकोने जांभई देत विचारलं. बाई नर्स. वर्षानुवर्षं रात्रपाळी केलेली, त्यामुळे सुट्टीवर आल्या तरी रात्री डोळ्याला डोळा लागत नव्हता.

"अगं, न पाहायला काय झालं?"

पास बाईंच्या पर्समध्ये गेले, पर्स काखेत गेली, गाडी सुटली. आणि पहिलं वळण यायच्या आत बाईंचं डोकं घड्याळजींच्या खांद्यावर!

किल्ल्याचं स्टेशन आलं.

"अगं ऊठ, किल्ला!"

"सलाईन बदललंय," बाई पुटपुटल्या आणि आणखी गाढ झोपल्या.

किल्ला गेला. सरोवर गेलं. घड्याळजींचा जीव तीळतीळ तुटत होता. संग्रहालय आलं तेव्हा तिला गदागदा हलवायचंच, असं ठरवून ते वळले आणि त्यांना तिचा चेहरा दिसला. कपाळावर एकही आठी नव्हती. असा चेहरा त्यांनी किती दिवसांत पाहिला नव्हता! संग्रहालयही गेलं.

तेवढ्यात तिकीट तपासनीस आला. "तिकीट!"

"श्श्!"

"मला श्श्?"

"पास हिच्या पर्समध्ये आहेत," घड्याळजी कुजबुजले. "पण ही झोपलीय, उठवायचं नाहीये."

"काय? उठत नाहीयेत?"

"अगंबाई! बाई उठत नाहीयेत!" समोरच्या आजी किंचाळल्या. झालं! अख्खा डबा गोळा झाला. "पाणी मारा!" "साखळी ओढा!" "डॉक्टर आहे का कुणी?"

'डॉक्टर' शब्द कानावर पडताच बाई ताडकन उठल्या. समोर दिसलेल्या तपासनिसाचं मनगट धरलं. "घाबरू नका. बसा आधी. कधीपासून होतंय?"

तपासनीस मुकाट्याने बसला. "तसं… जिना चढताना धाप लागते."

त्याला वजन उतरवायला बजावून, पास दाखवून बाई पुन्हा खांद्यावर कलंडल्या. गाडी शेवटच्या स्टेशनापर्यंत गेली आणि तशीच परत आली.

"अहो, काय झोप लागली!" संध्याकाळी बाईंनी आळस दिला. "पास काढलात ते बरं केलंत हं."

घड्याळजींनी मनात हिशेब केला. साधं जाण्यायेण्याचं तिकीट निम्म्यात आलं असतं.

"मग! माझा हिशेब कधी चुकलाय?" असं म्हणत त्यांनी ऐटीत बॅगेकडे हात नेला. पण दिवसभर बाईंच्या डोक्याखाली राहून बधिर झालेला तो हात जागचा हलेल तर शपथ!

बॅग बाईंनीच उचलली.