बोडसभाऊजी आणि ग्रीकांचे देव

बोडसभाऊजी चहाचा पहिला घोट कधी पीत नसत. तो झ्यूसचा. सकाळी कपबशी घेऊन ते गॅलरीत यायचे, आभाळाकडे बघून काहीतरी पुटपुटायचे आणि आल्याचा चहा बशीतून कठड्याबाहेर सोडून द्यायचे. हॉलंडमधल्या रायस्वाइकला आमची घरं तिसऱ्या मजल्यावर, भिंतीला भिंत. खालच्या मजल्यावर एक डच बाई राहते. एकदा ती चादर घेऊन वर आली. पांढऱ्या चादरीवर चहाचा नकाशा! भाऊजींनी तिला शांतपणे समजावलं, की हे देवाचं आहे, ग्रीक लोक असंच करायचे. ती म्हणाली, "मग धुवायलाही त्यालाच बोलवा."

चादर धुतली सुनंदानं. सुनंदा म्हणजे भाऊजींची बायको आणि माझी इथली सगळ्यात जुनी मैत्रीण. माझे यजमान गेले तेव्हा महिनाभर माझा डबा तिच्याकडून यायचा.

भाऊजींनी जन्मभर पाण्याच्या पंपांचं काम केलं. मूलबाळ नाही. निवृत्त झाल्यावर दोघं ग्रीसला फिरायला गेली. सुनंदा येताना ऑलिव्हचं तेल घेऊन आली आणि भाऊजी बारा देव घेऊन आले. तेल संपलं, देव काही संपेनात.

कुणी कसलीही तक्रार केली, की भाऊजींचं ठरलेलं, "ग्रीकांचं बरं असतं, वहिनी." मंडळाच्या गणपतीत पुण्याचा एक आयटीवाला मुलगा हात जोडून म्हणाला, "बाप्पा, एवढं परमनंट रेसिडेन्सीचं होऊ दे." भाऊजी मागूनच म्हणाले, "हे काम हर्मिसकडे. प्रवासी, व्यापारी आणि चोर, तिघांचा देव एकच. तुझं कुठल्यातरी रकान्यात बसेलच." पोरं हसली. सुनंदानं भाऊजींच्या तोंडात मोदक कोंबला.

मी एकदा विचारलं, "भाऊजी, हे तुमचे देव माणसाला देतात तरी काय?"

"पीक देतात. समुद्रावर वारा देतात. लढाईत जय, आजारात उतारा. तुम्ही नैवेद्य द्यायचा, ते देणार. मनात आलं तर."

"आणि मेल्यावर?"

"मेल्यावर काही नाही. खाली अंधार. राजाला तोच, गुलामाला तोच. त्या अंधाराच्या देवाला कुणी नवससुद्धा बोलत नसे, कारण तो काही परत देतच नाही."

"मग असले देव हवेत कशाला मेले?"

"खोटी आशा लावत नाहीत, वहिनी. ग्रीकांचं बरं असतं."

आणि मग सुनंदाचं पोट दुखायला लागलं. आमच्या हाऊसआर्ट्सनं, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरनं, तिला मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला, पसरलेला. इथले डॉक्टर तोंडावर सांगतात. समोर कॉफी ठेवली, बशीत एकेक बिस्कीट, आणि सांगितलं, की बरं करण्यासारखं आमच्याकडे काही नाही, वेदना मात्र होऊ देणार नाही. भाऊजींनी कॉफीला हात लावला नाही. सुनंदानं स्वतःचं बिस्कीट खाल्लं आणि मग त्यांचंही खाल्लं. म्हणाली, "वाया कशाला घालवायचं."

दुसऱ्या दिवशी भाऊजी माझ्या दारात. "वहिनी, कणकेचा कोंबडा करता येईल का?"

मला वाटलं, माणूस खचला, कामातून गेला. पण त्यांचं म्हणणं असं, की ग्रीकांचा एक वैद्यदेव आहे, अस्क्लेपिओस. दाढीवाला, हातात काठी, काठीला साप. आजारी माणसं त्याच्या देवळात जाऊन झोपायची आणि तो स्वप्नात येऊन औषध सांगायचा. माणूस उठण्यासारखा नसेल तर घरच्यानं त्याच्या वतीनं झोपलं तरी चालायचं. त्या देवाला कोंबडा वाहत. लायडनच्या म्युझियममध्ये त्याची संगमरवरी मूर्ती होती. देऊळ नाही तर नाही, मूर्ती तर होती. पण भाऊजींनी जन्मात अंडं खाल्लेलं नाही, कोंबडा कुठून कापणार? आपल्याकडे बळी द्यायचा नसेल तर पिठाचा करतात, तेवढं त्यांना आठवलं.

केला मी. मिऱ्यांचे डोळे, लाल मिरचीचा तुरा. डब्यात घालून दिला आणि काळजी वाटली म्हणून बरोबर गेले.

दारावरच्या माणसानं डबा उघडायला लावला. "मेनेर," म्हणजे साहेब, "आत खाणं नेता येत नाही."

"हे खाणं नाही," भाऊजी म्हणाले. "कोंबडा आहे."

तो माणूस डब्याकडे बघत राहिला, मिऱ्यांच्या डोळ्यांनी कोंबडा त्याच्याकडे. शेवटी कोंबडा लॉकरमध्ये गेला आणि आम्ही देवाकडे. भाऊजींनी बूट काढले, समोरच्या बाकावर कोट उशाला घेतला आणि सरळ आडवे झाले. मी मेल्याहून मेल्यासारखी. पहारेकरी धावत आला. "मेनेर, इथे झोपता येणार नाही."

"मी माझ्यासाठी झोपत नाहीये," भाऊजी डोळे मिटूनच म्हणाले. "बायकोसाठी झोपतोय."

मग मी माझ्या मोडक्या डचमध्ये त्याला सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. म्हणाला, आडवं होऊ नका, बसल्या बसल्या डोळा लागला तर मी बघितलं नाही.

तेव्हापासून भाऊजी रोज लायडनला. मी दुपारभर सुनंदाजवळ बसायची. संध्याकाळी ते परत आले, की देवाचा निरोप असायचा. आज संत्र्याचा रस घे म्हणाला. आज पायाला तिळाचं तेल चोळ म्हणाला. आज खिडकी उघडी ठेव म्हणाला. सुनंदा सगळं निमूट करायची. ओकारी यायची, तरी रस प्यायची.

मला राहवलं नाही. "सुनंदा, बरं वाटतंय का गं त्यानं?"

"कसलं बरं! अगं, यांना तिथे झोपच लागत नाही. घरी लागत नाही, तिथे बाकावर बसून काय लागणार? निरोप सगळे यांचेच. तिळाचं तेल तर यांच्या आईचं औषध." मग म्हणाली, "तू काही बोलू नकोस हं. बिचारे गाडीत बसून एकेक जुळवत असतील."

तिला जेवण जाईना तेव्हा हॉस्पिसमध्ये, म्हणजे शेवटच्या दिवसांच्या शुश्रूषाघरात, हलवलं. स्वच्छ खोली, बाहेर बदकांचा कालवा. एका सकाळी नर्सनं आम्हाला बाहेर बोलावून सांगितलं, की आता फार तर एकदोन दिवस. भाऊजी कॉरिडॉरमधल्या खुर्चीवर बसले. घरच्या चपला घालूनच आले होते, एक एका जोडाची, दुसरी दुसऱ्याची.

"आज लायडन नाही ना?" मी विचारलं.

"उपयोग नाही. त्या देवाच्या आवारात मरायला मनाई होती, वहिनी. कुणाचं होत आलं, की त्याला उचलून कुंपणाबाहेर ठेवायचे. देवांना विटाळ होतो मरणाचा. शेवटच्या वेळेला त्यांच्यातलं कुणी थांबत नाही." मग म्हणाले, "हे मला पहिल्यापासून माहीत होतं."

ग्रीकांचं बरं असतं, असं ते म्हणाले नाहीत.

आम्ही आत गेलो. सुनंदानं डोळे उघडले. आवाज अगदी खोल गेला होता.

"अहो, आज काय म्हणाला तुमचा देव?"

मला वाटलं, आता हे काहीतरी रचतील. रस, तेल, खिडकी.

"आज निरोप नाही," भाऊजी म्हणाले. "त्याला इथे येता येत नाही. आता इथून पुढे तो येणार नाही, सुनंदा."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. समजलं तिला.

"आणि तुम्ही?"

"मी कुठे देव आहे," भाऊजी म्हणाले, आणि खुर्ची पलंगाला टेकेपर्यंत पुढे ओढली.