चार बाटल्या आणि सरूबाईंचं नाक

काकासाहेबांचा उजवा हात चहाच्या कपाशी भांडायला लागला, तेव्हा पडेगावच्या घरात कुणी फारसं मनावर घेतलं नाही. घाबरवलं ते डॉक्टर विशाखांनी. "काका, मेंदूतलं एक रसायन कमी झालं की निरोप पोचत नाहीत. हात थरथरायच्या कितीतरी आधी पुष्कळांना वास येईनासा होतो. सोमवारी नाक तपासू."

लगेच पुण्याहून मुलाचा, इंद्रजीतचा, फोन. नाकही गेलं असेल तर गॅसपाशी जीव जाईल; घराला कुलूप लावायचं आणि दोघांनी त्याच्या चौदाव्या मजल्यावर यायचं.

काकासाहेबांनी चाळीस वर्षं नाकात तपकीर कोंबली होती. त्या नाकाकडून त्यांना कसलीच आशा नव्हती. त्यांच्या बायकोचं, सरूबाईंचं, नाक मात्र गल्लीत नावाजलेलं. कुणाचं दूध नासलंय, हे त्या ओट्यावर बसून सांगायच्या.

"अहो, घोर नका करू," त्या म्हणाल्या. "मी शेजारी बसते. शेजारच्या धम्मपालभाऊंची अशीच तपासणी झाली तवा चारच बाटल्या व्हत्या. कॉफीला पाठीत एक बोट, लवंगंला दोन, साबणाला तीन, संत्र्याला चार."

"ही तर कॉपी झाली!"

"मग बसा चौदाव्या मजल्यावर."

सोमवारी डॉक्टरांनी काकासाहेबांना डोळे मिटायला लावले. पहिली बाटली उघडली आणि आक्रीत घडलं. महिनाभर तपकीर बंद होती. कॉफीचा वास थेट टाळक्यात गेला. इतक्यात पाठीत दोन बोटं टोचली. ते अडखळले. पण सरूबाईंच्या नाकापुढं आपल्या तपकिरी नाकाची काय मातब्बरी?

"लवंग," ते म्हणाले.

पुढच्या बाटलीत साबण होता, बोट एकच. "कॉफी." तिसरीत संत्रं, बोटं तीन. "साबण." चौथीतली लवंग नाकात चांगलीच झोंबली, पण पाठीवर नुसता घामेजलेला पंजा होता. त्यांनी उरलेलं उत्तर दिलं, "संत्रं."

"चारपैकी शून्य," डॉक्टर हळूच म्हणाल्या आणि लिहू लागल्या.

काकासाहेबांना उडी मारावीशी वाटली. चारही वास आले होते! चुकली होती ती बोटं. मग त्यांनी डोळे उघडून सरूबाईंकडं पाहिलं.

"कधीपासून?" त्यांनी कुजबुजत विचारलं.

"दोन वर्सं झाली. फोडणी जळली तरी कळत नाय." सरूबाई फरशीकडं बघत होत्या. "तपासणी परत मागा, पण माझ्याबद्दल गप ऱ्हावा, पाया पडते तुमच्या. घर सुटंल."

घर सुटणार हे काकासाहेबांनाही दिसत होतं. आणि त्यांना भीती वाटत होती, लई भीती, पण ती घराची नव्हती. त्यांनी थरथरता हात डॉक्टरांच्या कागदावर ठेवला.

"मॅडम, ह्यो कागद फाडू नका. मार्क बरोबर हायेत. फक्त वरचं नाव बदला."