बंद असताना बटण बघितलं जात नाही

निपाणीच्या रेशन कार्यालयातला लॅपटॉप सकाळपासून नेटवर्क धरत नव्हता, त्यामुळं शासन ठप्प होतं. बेळगावच्या टिळकवाडीहून रोज बसनं येणारे कारकून आनंदराव स्क्रीनकडं बघत बसले होते. समोर विड्या वळणाऱ्या मालुबाई उभ्या. लेकीच्या बाळंतपणाला त्या खानापूरला गेल्या, इकडं रेशनच्या पडताळणीचा अंगठा द्यायचा राहिला आणि रेशनकार्ड निष्क्रिय झालं. घरातला तांदूळ काल संपला होता.

लॅपटॉपच्या कडेला वायरलेसचं एक बारकं बटण असतं. झाडलोट करताना ते कुणाकडून तरी बंद झालं होतं. आनंदरावांनी ते हुडकून चालू केलं आणि स्वतःवरच लई खूश झाले. स्क्रीन मात्र आपली ठाम : ‘बटण बंद आहे.’ आता बोला.

शेवटी बेळगावहून तज्ज्ञ आले. आधी चहा झाला, मग निदान.

"वायरलेस चालवणारा जो प्रोग्रॅम असतो ना, ड्रायव्हर, तो वायरलेस निष्क्रिय असताना बटणाकडं बघतच नाही."

"मग बटण चालू केलंय हे त्याला कळणार कधी?" साहेबीण कल्याणी मॅडमनी विचारलं.

"वायरलेस सक्रिय झाल्यावर."

"आणि ते सक्रिय कधी होणार?"

"बटण चालू आहे हे ड्रायव्हरला कळल्यावर."

मॅडम संतापल्या. "समोर धडधडीत बटण चालू आहे आणि हा बघत नाही? काय आंधळा कारभार म्हणायचा हा."

तज्ज्ञांनी ड्रायव्हर काढून परत बसवला. नेटवर्क आलं. सगळ्यांनी पुन्हा चहा घेतला.

"आता घ्या की माजा अंगठा," मालुबाई म्हणाल्या.

"मावशी, निष्क्रिय कार्डावर अंगठा घेता येत नाही," आनंदराव म्हणाले.

"आन् अंगठा दिल्याबगर कार्ड चालू व्हत न्हाय म्हनलासा न्हवं?"

"व्हय."

"म्या हितं जित्ती हुबी हाय की."

"मला दिसताय हो. सिस्टीम बघत नाही."

मालुबाईंनी तज्ज्ञांकडं बोट दाखवलं. "मग त्यास्नी सांगा, मलाबी एकडाव काढून परत बसवा."

मॅडमना हसू आलं. तज्ज्ञ म्हणाले, हे आमच्याकडं येत नाही. मालुबाई रिकाम्या पिशवीची घडी घालून गेल्या.

आनंदरावांना लाज वाटली. खरंच वाटली, कान तापले. संध्याकाळी स्टँडवर ते बेळगावच्या बसची वाट बघत होते, तर समोरून मालुबाई. आनंदरावांनी झटकन फोन काढला आणि त्यात डोकं खुपसलं.

फोनची बॅटरी दुपारीच उतरली होती. बंद फोनात हा माणूस एवढं मन लावून काय बघतोय, हे काही मालुबाईंना कळलं नाही. तुम्हाला मात्र बरोबर कळलं असणार.