पाण्याची रेघ

दामूअण्णा वाचनालयात रोज येत, पण वाचत नसत, मोजत. मासिक उघडायचं, अनुक्रमणिकेवरून पेन्सिल फिरवायची आणि वीज कशापासून करावी यावर किती लेख आलेत ते वहीत टिपायचं. वारा, ऊन, अणू, कोळसा, पाणी. वर्ष संपलं की आलेखाच्या कागदावर प्रत्येकाची रंगीत रेघ पुढे सरके. सारी नोकरी पोफळीच्या पाण्यावर चालणाऱ्या वीजघरात झालेली. "लोक आज छापतात, ते दहा वर्षांनी बांधतात," असं ठणकावून सांगत. निदान एखादा लेख वाचा म्हटलं तर म्हणत, "वाचलं की मत होतं रे. मत झालं की मोजणी बिघडते."

गोष्ट दोन हजार सालच्या आगेमागेची. मी तेव्हा पत्रकं काढायचो. गावं बुडवणारी धरणं नकोत, ऊन वापरा, असा माझा रोख. गठ्ठा घेऊन मिरकरवाड्याच्या मासळीबाजारापर्यंत जायचो. मासे गुंडाळायला ती पत्रकं फार उपयोगी पडत.

एका वर्षी अण्णांची उन्हाची पिवळी रेघ एकदम चढली. मी हरखलो. आलेख पुढच्या पत्रकावर पुरावा म्हणून छापायचं ठरवलं. त्याआधी त्यांची वही चाळली, तर उन्हाच्या सतरा नोंदींपैकी चौदा माझ्याच पत्रकांच्या.

"अण्णा, हे तर माझंच मला मोजून दाखवताय."

"छापील ते छापील. मेल्या, तुझं पत्रक तूच मोजू नको म्हणतोस, तर मासेवाल्याने त्याचं काय करावं?"

मी चिडून पानं उलटत राहिलो. पाण्याची निळी रेघ वर्षानुवर्षं उतरत होती, पण तळाला टेकत नव्हती. गेली चार वर्षं दर वर्षी एकच नोंद: गावच्या साप्ताहिकातलं वाचकाचं पत्र, विषय पोफळीचं वीजघर. खाली नाव अण्णांचंच.

मी वर पाहिलं. अण्णा पेन्सिलीला टोक काढत होते.

"शून्यावर गेली की संपलीच ती," ते म्हणाले. "पाळीला बावीस जण असायचो आम्ही. आता सांगायला मीच उरलोय."

आलेख मी छापला नाही.

पुढच्या वर्षी अण्णांची नजर अधू झाली आणि पत्र राहिलं. डिसेंबरच्या शेवटी साप्ताहिकात पोफळीच्या वीजघरावर एक पत्र आलं. मी ते त्यांना घरी जाऊन वाचून दाखवलं.

"कोणाचं रे?"

"नाव नाही. 'एक वाचक' म्हणून आहे."

"धरणाला शिव्या आहेत?"

"एकच ओळ."

"मग तुझंच," अण्णा म्हणाले, आणि वही माझ्याकडे सरकवली. "टिप. पाणी, एक."